गाणी सोडून नुसतं पार्श्वसंगीत ऐकणारं कोणी आहे का?

लातूरकर:
लातूर-नांदेड एसटीत मोबाइलवर ‘सैराट’ लावला, स्क्रीन उलटी ठेवली आणि नुसतं ऐकत बसलो. शेजारचे काका म्हणाले, “पिक्चर बिघडला का?” त्यातला वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला, २०१६ मध्ये त्याची लई चर्चा झाली होती. पण मला खरा झटका बसला शेवटी. आवाजच बंद! हेडफोन निसटला वाटून मी वायर चाचपायलो, तर पिक्चरचा शेवटच मुका. तुमच्या आवडीचं सांगा की.

जालन्याची ताई:
‘शोले’. राधा दिवे मालवते अन् जय माउथ ऑर्गन वाजवतो. दोघं एक अक्षर बोलत नाहीत. आर. डी. बर्मन म्हटलं की लोक नाचायची गाणी काढतात, मला हेच आठवतं.

सतारवेडा, परभणी:
भास्कर चंदावरकरांचं नाव कामून कोणी घेत नाही? ‘सामना’ पिक्चरचं संगीत त्यांचं, १९७५. माणूस सतारिया, रविशंकरांचा शिष्य. आणि रविशंकरांनी संगीत दिलेली बंगाली फिल्म ‘पथेर पांचाली’ ऐकली नसेल तर आधी ती ऐका, भाऊ. पोरगी दुर्गा गेल्यावर बाप घरी परततो, तेव्हा आईचं रडणं ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाई, म्हणजे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, वाजते.

लातूरकर:
परभणीकर, रात्री ऐकली. आमच्या आईनं दारातून विचारलं, “कोण रडायलंय?” आता चंदावरकर. एसटीत मात्र नाही, तिथं काच लई खडखडते.