‘अधिकार’ आणि ‘सामर्थ्य’: अशुद्ध आत्म्यांवरील सत्तेच्या संदर्भात

प्रश्न (नौपाडा, ठाणे): तलावपाळीच्या चर्चजवळ राहणाऱ्या एका स्नेह्यांकडील मराठी बायबलमध्ये असे वाचले की, येशूने बारा शिष्यांना भुतांवर सामर्थ्य व अधिकार ही दोन्ही दिली (लूक ९:१). हे शब्द समानार्थी समजावेत काय? ‘गाण्यात त्यांचा अधिकार मोठा’ असे आपण म्हणतो, तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे काय?

उत्तर (वाशी): समानार्थी नव्हेत. मूळ ग्रीकमधील ‘दुनामिस’ म्हणजे अंगचे बळ, तर ‘एक्सूसिया’ म्हणजे हुकूम करण्याची सत्ता. गाण्यातला अधिकार रियाजाने कमवावा लागतो; शिष्यांना मिळालेला अधिकार मात्र निव्वळ सोपवलेला आहे, त्यात त्यांची साधना कोठेही येत नाही. मत्तय ८ मधील रोमी शताधिपतीने (शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याने) हे नेमके ओळखले आहे: आपण स्वतः वरच्याच्या हुकमाखाली आहोत आणि आपल्या शिपायाला ‘जा’ म्हटले की तो जातो, तेव्हा आपला चाकर बरा व्हावा म्हणून येशूनेही केवळ शब्द बोलावा, असे तो म्हणतो.

मार्क १ मधील कफर्णहूमच्या सभास्थानात ना धुपारा आहे, ना उतारा. येशू अशुद्ध आत्म्याला धमकावतो आणि गप्प राहून बाहेर निघण्यास सांगतो, एवढेच. ‘गप्प राहा’ यासाठीच्या ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ ‘मुसके बांधणे’ असा आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, या १ तीमथ्य ५:१८ मधील वचनातही तेच येते, आणि मार्क ४:३९ मध्ये खवळलेल्या समुद्रालाही तेच ऐकवले जाते. म्हणून ‘भूत उतरवणे’ हा वाक्प्रचार येथे टाळावा असे माझे मत आहे, कारण त्यातून मांत्रिकाची खटपट सूचित होते.

पुरवणी (नेरूळ): ‘भूत’ या शब्दाबाबतही सावध राहावे. मराठीत तो ऐकताच मेलेल्याचा अतृप्त आत्मा डोळ्यांपुढे येतो. शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत) मात्र हे आत्मे मृतांचे असल्याचे कोठेही म्हटलेले नाही, त्यामुळे ‘अशुद्ध आत्मा’ हाच शब्द बरा. सोपवलेल्या अधिकाराचा उलटा दाखला प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये सापडतो. इफिस येथे स्किवाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरून एका माणसातला दुरात्मा काढू पाहतात, तेव्हा येशू आणि (त्याचा प्रेषित) पौल आपल्याला ठाऊक आहेत, पण तुम्ही कोण, असे तो दुरात्मा विचारतो, आणि पछाडलेला माणूस त्यांना असा चोप देतो की ते उघडेनागडे, घायाळ होऊन घराबाहेर पळतात.