मदत हवी आहे : मॅमोग्राफी करावी की नाही?

मुठाकाठ
माझ्या बहिणीने मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीसाठी, सोमवारची वेळ घेतली आहे. परंतु कॅनडातील मोठ्या चाचणीत या तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत, असे वाचल्यापासून ती वेळ रद्द करायला निघाली आहे. करावी की नाही, एवढेच कृपया स्पष्ट सांगावे.

एरंडवणेकर
बहिणीचे वय काय, घरात कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग होता का, आणि सध्या काही तक्रार आहे का, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. शिवाय कॅनडाच्या त्या चाचणीत पन्नाशीपुढच्या दोन्ही गटांतील स्त्रियांची दरवर्षी हाताने तपासणी होत होती, म्हणजे मॅमोग्राफीची तुलना काहीच न करण्याशी झालेली नव्हती.

पर्वतीपायथा
स्वीडनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या दोन जिल्ह्यांच्या चाचणीत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. माझ्या आईचा आजार मॅमोग्राफीतच लवकर सापडला, त्यामुळे बहिणीने अवश्य जावे.

एरंडवणेकर
आईंबद्दल वाचून बरे वाटले, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ च्या ब्रिटिश तज्ज्ञ समितीच्या हिशेबानुसार, पन्नाशीपासून वीस वर्षे बोलावलेल्या दर १०,००० स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात, तर १२९ जणींना एरवी कधीच त्रास न देणाऱ्या कर्करोगाचे निदान होऊन उपचार सोसावे लागतात.

पेठकर
यंत्र कशाला हवे? दर महिन्याला घरीच स्वतः तपासावे.

एरंडवणेकर
शांघायच्या कापड गिरण्यांतील सुमारे २,६६,००० स्त्रियांवर नेमके हेच तपासले गेले; मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या.

कात्रजघाट
आपल्याजवळचा पुरावा का विसरता? टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, म्हणून वय विचारले आहे.

मुठाकाठ
वय ४६, घरात कोणाला नाही. महिन्यापूर्वी आंघोळ करताना काखेच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, पण दुखत नाही, म्हणून लिहिले नव्हते.

एरंडवणेकर
हेच आधी हवे होते. वरच्या साऱ्या चाचण्या तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या स्क्रीनिंगबद्दल आहेत. गाठ लागल्यावर होते ती निदानाची तपासणी, आणि तिला हा वाद लागूच होत नाही. न दुखणारी गाठही दाखवावीच लागते. सर्जनने हाताने तपासणे, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज भासल्यास सुईने बायोप्सी, हे सगळे व्हायला हवे. नुसती मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून थांबू नका.

मुठाकाठ
तिला फोन केला. सोमवारची वेळ कायम ठेवली आहे, आणि उद्या सकाळी मी तिला डेक्कनवरच्या सर्जनकडे घेऊन जात आहे.