रोमला जायच्या आधी रेस्पिगी ऐकायचाय, सुरुवात कुठून करू?

कोथिंबीरवडी:
मे महिन्यात आम्ही रोमला चाललोय. नवरा, मी आणि सासूबाई. ऑफिसातला एक जण म्हणाला, जायच्या आधी ओत्तोरिनो रेस्पिगी या इटालियन संगीतकाराचं 'पाइन्स ऑफ रोम' ऐकच. काल रात्री सगळे झोपल्यावर लावलं. आधी पोरांनी पिपाण्या घेऊन धुडगूस घालावा तसा गलका, मग एकदम सामसूम. ऐकूच येईना म्हणून आवाज वाढवत गेले, आणि शेवटी जे काय सुटलंय! सासूबाई दार उघडून विचारतात, "कुणाची वरात आहे गं?"
माझे कान अभंग आणि नाट्यसंगीतावर पोसलेले. ऑर्केस्ट्रातलं ओ की ठो कळत नाही. काय ऐकू, कुठल्या क्रमाने, कुणाचं रेकॉर्डिंग? माणसाबद्दलही थोडं सांगा.

खर्जातला:
वरातच ती! फक्त रोमन फौजेची. पहाटेच्या धुक्यात आप्पियन रस्त्यावरून सैन्य दुरून येतंय असं ते चित्र आहे. खाली टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा, एकच ठेका पावलांसारखा चालू राहतो आणि वर एकेक वाद्य चढत जातं. जुन्या रोमन रणशिंगांसाठी त्याने सहा वादक वेगळे मागितलेत. आवाज सुरुवातीलाच ठरवा आणि मग हात लावू नका. पहिल्या भागात खर्जाची वाद्यं जवळजवळ गप्प असतात, म्हणून तो पिपाण्यांसारखा लागतो. ती व्हिला बोर्गेझेच्या बागेत खेळणारी पोरंच आहेत. बायको एल्साने लहानपणी त्या बागेत म्हटलेली गाणी त्याला गाऊन दाखवली, ती त्याने घेतली.
पण तुम्ही थेट कळसालाच हात घातलात. आधी 'एन्शंट एअर्स अँड डान्सेस' ऐका, त्यातही तिसरा संच. फक्त तंतुवाद्यं, ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या सुरावटींवर बांधलेलं. संचालक अंताल दोरातीचं रेकॉर्डिंग घ्या. मग 'फाउंटन्स ऑफ रोम', आणि शेवटी पाइन्स. या दोन्हींसाठी संचालक फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा, १९५९. माझ्या मते अजून त्याला तोड नाही.

ट्रामवाली:
माणसाबद्दल मी लिहिते. जन्म बोलोन्याचा, १८७९. मूळचा व्हायोलिन आणि व्हिओला (त्याहून जरा मोठं, खालच्या सुरांचं) वाजवणारा. १९०० साली पीटर्सबर्गच्या ऑपेरात व्हिओला वाजवायला गेला आणि तिथे रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवकडे काही महिने शिकला. वाद्यांचे रंग मिसळायची ती नजर तिथलीच. १९१३ पासून रोमला सांता चेचिलिया या संगीतविद्यालयात शिकवत होता. एल्सा त्याची विद्यार्थिनी, गायिका आणि स्वतःही संगीतकार. लग्न १९१९चं. तो १९३६ साली छप्पन्नाव्या वर्षी गेला, ती त्यानंतर साठ वर्षं त्याचं काम जपत राहिली. अर्धवट राहिलेला शेवटचा ऑपेराही तिनेच पुरा केला.
आता तुमच्या कामाचं. 'फाउंटन्स'मध्ये चार कारंजी, चार वेळा: वाल्ले जुलिया पहाटे, त्रितोन सकाळी, त्रेव्ही भर दुपारी, व्हिला मेदिची सूर्यास्ताला. जमेल तर त्या त्या वेळेलाच जा. मेदिचीचा भाग घंटानादात विरत जातो, तो कानात घेऊन संध्याकाळी तिथे उभं राहायचं. त्रेव्हीला मात्र दुपारी गर्दीशिवाय काही दिसणार नाही. आणि हे जिथे पहिल्यांदा वाजलं ते आउगुस्तेओ सभागृह शोधत फिरू नका. सम्राट ऑगस्टसच्या समाधीवर बांधलं होतं, मुसोलिनीच्या काळात पाडलं.

नारदमुनी:
मुसोलिनीचं नाव निघालंच आहे तर विचारतो. त्याला हा रेस्पिगी फार आवडायचा ना? मग ती फौज ऐकताना अंगावर काटा कसला येतो, नीट बघा.

खर्जातला:
नारदा, नाव सार्थ केलंस! आवडायचा, खरंय. रेस्पिगीच्याच 'रोमन फेस्टिवल्स'चा दणदणाट मलाही सोसत नाही. पण याच बोलोन्यात १९३१ साली, रेस्पिगीचे गुरू मार्तुच्ची यांच्या स्मृतिमैफलीच्या वेळी प्रसिद्ध संचालक तोस्कानीनीने फॅसिस्टांचं गाणं वाजवायला नकार दिला आणि गुंडांचा मार खाल्ला. तोच तोस्कानीनी पुढे अमेरिकेत पाइन्स आवडीने वाजवत राहिला. त्याला चाललं, मला चालतं.

एकतारी:
अभंगाचे कान असतील तर रेस्पिगीचं 'कोन्चेर्तो ग्रेगोरियानो' चुकवू नका. ख्रिस्ती मठांतली जुनी प्रार्थनागीतं एकाच सुरावटीत गायची असतात, खाली स्वरांची उतरंड नाही. त्या गाण्यांचा नाद एल्सानेच त्याला लावला. त्या चालींवर हे व्हायोलिन चालतं. मला तर ऑर्केस्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं हेच वाटलं. आणि पाइन्सच्या तिसऱ्या भागात, जानिकोलोच्या टेकडीवर चांदणं पडतं तिथे क्लॅरिनेट ऐका. भाग संपताना बुलबुलासारखा जो पक्षी गातो तो खराच आहे. १९२४ साली त्याने चक्क ग्रामोफोनची तबकडी वाजवायला लिहिलं, स्वरलिपीत तबकडीचा नंबरसुद्धा दिलाय.

कोथिंबीरवडी:
सगळ्यांचे आभार. तिसरा संच आज चहाच्या वेळी लावला. त्यातली 'सिसिलियाना' सासूबाईंनी भाजी निवडता निवडता दोनदा ऐकली. 'फाउंटन्स' उद्या. फौजेला रविवारी दुपारी बोलावणार आहे, खालचे शेजारी गावाला जाताहेत.