नुसता 'हायड्रोजन' शब्द शोधून भागणार नाही
भारतातील हायड्रोजन-इंधन संशोधनाचा कल शोधनिबंधांच्या संख्येवरून काढावा, अशी एक सूचना पुढे आली आहे आणि ती मला मान्य आहे. मात्र शोधासाठी नुसता 'हायड्रोजन' हा शब्द दिला, तर हायड्रोजन बंध (रेणूंमधले एक आकर्षण) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड (एक जंतुनाशक रसायन) अशा इंधनाबाहेरच्या विषयांवरचे निबंधही ढिगाने हाती लागतात आणि ते एकेक सारांश वाचूनच बाजूला काढावे लागतात. शिवाय मोजणी 2023 च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनपासून (केंद्र सरकारच्या हायड्रोजनविषयक योजनेपासून) धरली, तर बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी धातूंच्या हायड्राइडमध्ये (धातू आणि हायड्रोजनच्या संयुगांमध्ये) हायड्रोजन साठवण्यावर अनेक दशके केलेले काम मोजणीबाहेरच राहील, आणि हे मला फार खटकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे फ्युएल सेलवरील (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या उपकरणावरील) काम 2022 मध्ये प्रत्यक्ष बसपर्यंत पोहोचले. अशी वाटचाल केवळ निबंधसंख्येतून दिसत नाही, म्हणून पेटंटही जरूर मोजावीत.