मदत हवी आहे: तारेच्या कड्या उघडतात आणि नथीची तार तुटते

तार आणि मण्यांचे दागिने छंद म्हणून नुकते सुरू केले आहेत. लोंबते कानातले आणि मोत्यांची दाबाची नथ, एवढंच सध्या. सामान: वीस आणि अठ्ठावीस नंबरची पितळी तार, ४ मिमीचे काचेचे मोती, थोडे खरे मोती, गोल नाकाची पक्कड, चपटी पक्कड, कटर.

अडचणी अशा: कड्या लहानमोठ्या होतात आणि दोनदा घातलं की मणी गळून पडतो. नथीवर बारीक तार गुंडाळताना सहाव्या-सातव्या मोत्याला ती तटकन तुटते. खऱ्या मोत्यातून जाड तार जात नाही. काय चुकतंय?

तारकाम यांचं उत्तर

आधी कड्यांचं. गोल नाकाची पक्कड टोकाकडे निमुळती असते, म्हणून तार दर वेळी वेगळ्या जागी धरली की कडी वेगळ्या मापाची होते. पक्कडीच्या नाकावर मार्करने एक रेघ मारा आणि प्रत्येक कडी त्याच रेघेवर वळवा.

३ मिमीच्या कडीला मण्याच्या वर साधारण १० मिमी तार लागते. मण्याला लागून तार आधी काटकोनात वाकवा, मग टोकाकडून गोल करत मागे आणा. काटकोन करायचा राहून गेला तर कडी मण्याच्या डोक्यावर मधोमध न बसता एका बाजूला कलते. कडी उघडायची असेल तेव्हा दाराच्या फळीसारखी बाजूला सरकवा. दोन टोकं लांब ओढून उघडलेली कडी पुन्हा गोल होत नाही, आणि मणी नेमका त्याच फटीतून निसटतो.

वजनदार मण्याला साधी कडी नकोच, गुंडाळलेली करा. ०.६ मिमी तार घ्या, दोन्ही बाजूंना ४ सेंमी जास्तीची ठेवा. मण्यावर २ मिमी तार मान म्हणून सरळ सोडून मग वाकवा, कडी वळवा, चपट्या पक्कडीने कडी धरून उरलेली तार मानेभोवती अडीच-तीन वेढे खाली आणा. टोक अगदी जवळ कापून पक्कडीने आत दाबा, नाहीतर ते ओढणीत अडकतं.

कुडीमोती यांचं उत्तर

तार तुटण्याचं कारण पितळ. तार वाकवली की ती कडक होत जाते, आणि पितळ तांब्यापेक्षा लवकर होतं. त्यात चुकलेला वेढा उलगडून पुन्हा त्याच जागी घातला की तार तिथेच मोडते. वेढा चुकला तर तो भाग कापून टाका, सरळ करत बसू नका. गुंडाळायला सोनेरी मुलामा दिलेली नरम तांब्याची ०.३ मिमी तार घ्या. एका वेळी ४० सेंमीच कापा. लांब तारेला पीळ पडतो आणि पीळ ओढला की गाठ बसते. पायाच्या तारेला, म्हणजे ज्या जाड तारेवर मोती बसतात तिला, मात्र पितळच हवं. नरम तांब्याचा पाया दाबाला टिकत नाही, नथ नाकावरून घसरते.

क्रम: पायाला दोन वेढे, एक मोती, पुन्हा दोन वेढे. मोती पायाच्या बाहेरच्या अंगाला बसवा आणि प्रत्येक मोत्यानंतर वेढे नखाने मागे सरकवा. ते सैल राहिले तर सगळी रांग फिरते.

तारकाम यांचं आणखी एक उत्तर

तारेच्या नंबरचाही गोंधळ होतो. वीस नंबर एका मापपद्धतीत ०.८१ मिमी, दुसरीत ०.९१. दुकानात मिलिमीटरमध्येच मागा. पुण्यात रविवार पेठ किंवा मुंबईत भुलेश्वर इथे नमुन्याची तार हातात घेऊन बघता येते. घरी खात्री करायची असेल तर पेन्सिलीवर दहा वेढे चिकटून घाला आणि पट्टीवर मोजा: ८ मिमी भरले तर तार ०.८ ची.

मोतीसर यांचं उत्तर

खऱ्या मोत्याचं भोक बरेचदा ०.५ ते ०.७ मिमी असतं, त्यात ०.८ कशी जाईल? ०.४ मिमी तार वापरा. भोक वाढवायचंच असेल तर हिऱ्याच्या कणांची हातकानस पाण्यात बुडवून, अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडच्या कडेचा टवका उडतो. कोरडं घासू नका, मोत्याची भुकटी श्वासात जाणं वाईट.

कानात जाणारी आकडी पितळेची किंवा तांब्याची नको, ९२.५ चांदीची ०.८ मिमी घ्या. टोक बारीक कानशीने गोल करून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बोटाच्या पेरावर फिरवून बघा. किंचितही टोचलं तरी अजून घासायला हवं.