रुग्णवाहिका दारात सुरूच ठेवावी लागते. चोरी आणि परस्पर वापर कसा थांबवायचा?

गोदाकाठ_सेवा (द्वारका, नाशिक)
संस्थेच्या तीन रुग्णवाहिका आहेत, दोन ट्रॅव्हलर आणि एक ईको. पेशंट उतरवताना एसी आणि सक्शन बंद पडू नये म्हणून गाडी सुरू ठेवतात, चावी आतच. दार उघडं आणि सगळे स्ट्रेचरमागे. त्या पाच-सात मिनिटांत कुणीही गाडी घेऊन जाईल. शिवाय डिझेल आणि कॉलच्या नोंदी जुळत नाहीत, म्हणजे रात्री गाडी परस्पर बाहेर जात असावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी बदली चालक घ्यावे लागतील, त्याआधी बंदोबस्त हवा. जीपीएसवाला मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय देतोय. घ्यावी का?

अंबड_ऑटोइलेक्ट्रिक
ताई, चालत्या गाडीचं इंजिन बंद करणारी सोय रुग्णवाहिकेत अजिबात नको. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच उरतो. कसारा घाटाच्या उतारावर पेशंट आत असताना असं झालं तर काय होईल, विचार करा. त्यात रेंज नसली की मोबाइलवरून दिलेली आज्ञा अडकून पडते आणि गाडी रेंजमध्ये आली की भलत्याच वेळी लागू होते.

तोडायचा तर फक्त सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. चालू गाडी चालूच राहते, पण एकदा बंद झाली की परत सुरू होत नाही. सेल्फच्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलला जाणारी बारीक वायर शोधा आणि तिथे जीपीएस ट्रॅकरच्या आज्ञेवर चालणारा १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा पाच पिनांचा रिले टाका. जोडणी ३० आणि ८७ए वर. ट्रॅकर बिघडला तरी या दोन पिना जोडलेल्या राहतात, म्हणून गाडी अडत नाही. पुष्कळ जण ८७ वर जोडतात, मग यंत्र मेलं की गाडीही मेली. सेल्फच्या सोलेनॉइडकडे जाणाऱ्या जाड वायरला हात लावू नका, तिथल्या झटक्याने रिलेचे पॉइंट चिकटतात.

वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. उन्हाने टेपचा गोंद सुटतो, हादऱ्यांनी तारा सैल होतात आणि ऐन वेळी सेल्फ लागत नाही. लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. शिवाय रिलेला वळसा घालणारा एक ब्लेड फ्यूजचा होल्डर लपवून ठेवा. रिले दगावला तर त्यात फ्यूज खोचला की गाडी सुरू. त्याची जागा चालकाला आणि प्रमुखाला माहीत हवी.

तुमच्या मूळ अडचणीवर उपाय वेगळा आहे: चावी काढूनही इंजिन चालू ठेवणारं मॉड्यूल. हँडब्रेक ओढून बटण दाबायचं आणि चावी खिशात. चावी न लावता कुणी हँडब्रेक सोडला किंवा ब्रेक दाबला की इंजिन बंद. गाडी तेव्हा उभीच असते, म्हणून इथे इंजिन तोडलेलं चालतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये मात्र आधी स्टॉप सोलेनॉइड (इंजिन थांबवणारा विजेचा भाग) बघा. काहींत करंट तोडला की इंजिन थांबतं, काहींत करंट दिला की थांबतं. हे न पाहता बसवलं तर हँडब्रेक सोडूनही इंजिन चालूच राहतं.

गोदाकाठ_सेवा
ईको वॉरंटीत आहे. आणि चिपच्या चावीचं काय?

अंबड_ऑटोइलेक्ट्रिक
वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापायची नाही, कंपनीचा जुळणारा कप्लर लावून मधे जोडा आणि सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. चिपची चावी असेल तर एक गोष्ट नक्की तपासा. रिमोट स्टार्ट बसवताना काही जण दुसऱ्या चावीतली चिप स्टीअरिंग कॉलमला टेपने चिकटवून टाकतात. मग इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय) असून नसल्यासारखा.

ताफा_सातपूर
एसी नको असेल तर गाडी सुरू ठेवायचीही गरज नाही. मागच्या भागासाठी १०० एएच (अँपिअर-तास) ची वेगळी डीप सायकल बॅटरी (बराच वेळ वापरून पुन्हा चार्ज करता येणारी) बसवा. सक्शन, मॉनिटर आणि दिवे मिळून १५० वॉट धरले तर साधारण १२ अँपिअर लागतात. बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तरी साडेतीन-चार तास निघतात. उन्हाळ्यात पेशंट आत असेल तर एसी हवाच, तेव्हा वरचं मॉड्यूल.

परस्पर वापर वायरिंगने थांबत नाही, नोंदीने थांबतो. चाव्या कॅज्युअल्टीच्या टेबलामागे क्रमांक टाकलेल्या हुकांवर. चावी घेताना आणि देताना किलोमीटर, वेळ, सही. दर सोमवारी ट्रॅकरचा इग्निशन अहवाल कॉल रजिस्टरशेजारी ठेवून एकेक ओळ ताडा. जी फेरी कॉलमध्ये नाही तिचा जाब त्याच दिवशी विचारा, महिन्याने विचारलं तर कुणाला काही आठवत नाही. मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९७ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. बदली चालकांकडून हे वाचून सही घ्या.

ट्रॅकर आतल्या बॅटरीचा घ्या आणि वायर तोडल्याचा इशारा चालू ठेवा. पत्र्याखाली नको, प्लास्टिकखाली बसवा, नाहीतर आकाश दिसत नाही. सगळ्यात जास्त घात होतो तो सिमचं रिचार्ज संपल्याने. स्क्रीनवर गाडी आठवडाभर एकाच जागी दिसते आणि सगळे निर्धास्त.

आडगाव_टर्मिनल
ट्रक आणि जेसीबीवाल्यांसाठी: जेसीबीसारख्या यंत्रांत एका कंपनीची एकच चावी अनेक यंत्रांना लागते. म्हणून चावी निघणारा बॅटरी आयसोलेटर (बॅटरी तोडणारा स्विच) हवाच. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये चोर अडवायला हवेच्या लाइनमध्ये लपवलेला व्हॉल्व्ह टाकू नका. गळती झाली तर हवेचा दाब गेल्यावर आपोआप लागणारे स्प्रिंग ब्रेक रस्त्यातच लागतात.

ताफा_सातपूर
गाडी गेलीच तर आधी ११२, मग टोल नाके. रुग्णवाहिकेला टोल माफ, दिवा लावलेल्या गाडीला कुणी अडवत नाही, म्हणून घोटी, पिंपळगाव बसवंत आणि शिंदे या नाक्यांचे नंबर आधीच लिहून ठेवा. पेठ रस्त्याला विसरू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा दुसरी चावी कार्यालयाच्या तिजोरीत आणि आरसीची मूळ प्रतही तिथेच. सगळ्या रुग्णवाहिका पांढऱ्या, खांबावरच्या कॅमेऱ्यात एकसारख्या दिसतात. छतावर संस्थेचा क्रमांक किमान ३० सेंटीमीटर उंचीच्या आकड्यांत रंगवून घ्या, कॅमेऱ्याला वरून तोच दिसतो.