उंदराची साखर, माणसाची हळद

आरोग्यवेध (मूळ पोस्ट)
हळदीतलं करक्युमिन दिल्यावर मधुमेही उंदरांची साखर उतरते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. रोज रात्री दुधात चमचाभर हळद घ्या, गोळ्या आपोआप सुटतील.

गव्हाज
गोळ्या सोडायला सांगताय म्हणून हिशोब मांडतो. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम करक्युमिन दिलं, तर माणसाचा डोस काढायला त्याला ६.२ या ठरलेल्या आकड्याने भागायचं. साठ किलोच्या माणसाला साधारण १.९ ग्रॅम झालं. हळदीत करक्युमिन असतं ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज ६० ग्रॅमच्या वर हळद! चमच्यात मावते तीनेक ग्रॅम. त्यातलंही रक्तात फार थोडं पोचतं, बाकीच्याला आतडं आणि यकृतच निष्क्रिय करून बाहेर काढतात.

हळकुंड
म्हणून तर मिरी घालतात. १९९८ च्या अभ्यासात मिरीतल्या पिपरीनमुळे माणसांच्या रक्तात करक्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. पण आपलं काही म्हटलं की नाक मुरडायचंच. अमेरिकेने १९९५ मध्ये हळदीवर पेटंट दिलं, ते शास्त्रज्ञ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तेव्हा कुठे होतात?

गव्हाज
पेटंट जखमा भरण्याचं होतं, मधुमेहाचा तिथे संबंधच नाही. आणि त्याच १९९८ च्या अभ्यासात उंदरांत वाढ होती १५४ टक्के. उंदीर आणि माणूस यांच्यात एवढं अंतर आहे. शिवाय पिपरीन यकृताचं जे काम अडवतं, त्यावर इतर औषधंही अवलंबून असतात. फेनिटॉइन हे फिटचं औषध घेणाऱ्याच्या रक्तात त्याची पातळी चढते.

पीएच साडेचार
डोसवर भांडताय, पण उंदीर मधुमेही केला कसा ते आधी विचारा. स्ट्रेप्टोझोटोसिन हे बीटा पेशी (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या) मारणारं विष थंडगार सायट्रेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता ठरलेल्या द्रावणात, पीएच ४.५ ला विरघळवून दहा-पंधरा मिनिटांत टोचावं लागतं. बाटली टेबलावर राहिली की औषध मरतं, मग निम्मे उंदीर मधुमेही होतच नाहीत. नीट टोचलं तर बीटा पेशी फुटून इन्सुलिन एकदम सांडतं आणि साखर कोसळते, म्हणून पहिल्या रात्री ग्लुकोजचं पाणी ठेवायचं. ७२ तासांनी शेपटीतून रक्ताचा थेंब काढून साखर २५० च्या वर असलेलेच उंदीर घ्यायचे. करक्युमिन त्यानंतर सुरू करायचं. पुष्कळ जण आठवडाभर आधीपासून देतात. मग विषापासून पेशी वाचल्या एवढंच कळतं, मधुमेह बरा झाला हे नाही.

हळकुंड
आधी देणं म्हणजे प्रतिबंध तपासणं. त्यात चूक काय?

पीएच साडेचार
शीर्षकात 'प्रतिबंध' लिहा, मग चूक नाही. 'उपचार' लिहिता, त्यावर राग आहे. बीटा पेशी उडवलेला उंदीर हा टाइप २ नव्हेच. त्यासाठी काही आठवडे चरबीयुक्त खाद्य देऊन वर स्ट्रेप्टोझोटोसिनचा किलोमागे ३५ मिलिग्रॅमचा हलका डोस लागतो. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, ०.५ टक्के सीएमसीच्या (घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाच्या) द्रावणात घोटावं लागतं. गव्हाजच्या, म्हणजे नळीच्या सुईने थेट पोटात पाजण्याच्या, आधी दर वेळी बाटली हलवली नाही, तर पहिल्या उंदराला पाणी आणि सहाव्याला गाळ.

उंदीरवाली
माझा आक्षेप वेगळा आहे. गटात सहा उंदीर, त्यातले दोन मेले की गुपचूप वगळतात आणि उरलेल्या चारांची सरासरी छापतात. मोजणाऱ्याला कोणता पिंजरा कुठल्या गटाचा हे माहीत असतं. गव्हाजची सुई नीट न गेल्यामुळे उंदीर ताणात असला की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढून साखर चढते. तुलनेसाठीच्या, करक्युमिन न दिलेल्या कंट्रोल गटाला नुसतं सीएमसी त्याच सुईने पाजलं नसेल, तर तो फरक हळदीच्या खात्यात जातो. एथिक्स कमिटीकडे प्राणी मागायचे आणि असे वाया घालवायचे, याला काय म्हणायचं?

हळकुंड
हे मान्य करावंच लागतं, कंट्रोलला पाजलं नसेल तर आकडा फुकट. पण म्हणून उंदीरच नको, हे मानणार नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या थाळीत ना आतडं असतं ना यकृत. करक्युमिन रक्तात टिकत नाही हे प्राण्यांमध्येच दिसलं. थाळीवर विसंबलो असतो तर आजही फसलो असतो. शिवाय करक्युमिन स्वतःच चमकतं, थाळीतल्या चाचण्यांना तेही चकवतं.

गव्हाज
एवढं मान्य. उंदीर हवेत, पण मिलिग्रॅम, कशात घोटून पाजलं ते माध्यम, दिवस आणि मेलेल्यांची संख्या छापा. आरोग्यवेध, 'गोळ्या सुटतील' ही ओळ आज काढा. कुणी मेटफॉर्मिन बंद करून बसायच्या आत.